व्यथा आणि प्रतिमा : मानेच्या मणक्यांच्या झिजेचा एक अर्थेतिहास

रुग्णाचे कथन आणि त्याच्या देहाची प्रतिमा या एकाच वास्तवाच्या दोन संहिता होत, हे गृहीतक मानेच्या मणक्यांच्या झिजेबाबत टिकले नाही. ते कसे ढळले आणि त्यामुळे श्रमिकाच्या साक्षीला कोणते मोल येते, याचा विचार येथे केला आहे.

बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांमुळे दिल्लीतील पहाडगंज मराठी भाषकांच्या परिचयाचे आहे. नवी दिल्ली स्थानकाची एक बाजू याच वस्तीकडे उघडते. तेथील कुलींनी पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांचे सामान डोक्यावरून वाहिले. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना ‘सहायक’ हे नाव मिळाले. त्या नावात ओझे दिसत नाही. उलट मराठीतील ‘माथाडी’ या शब्दात श्रमाचे शरीरस्थानच नोंदले गेले आहे, आणि १९६९च्या महाराष्ट्र अधिनियमाने ते शीर्षकात स्वीकारले. आफ्रिकेतील ओझेवाल्यांच्या मानेच्या इजांवर लेव्ही यांनी १९६८ मध्ये लिहिलेल्या लेखाचे शीर्षकही ‘हमालाची मान’ अशाच अर्थाचे होते.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर अस्थी दृश्य झाल्या. ब्रेन, नॉर्थफील्ड व विल्किन्सन यांनी १९५२ मध्ये मानेच्या झिजेच्या मज्जाविषयक लक्षणांचे सविस्तर वर्णन केले. परंतु १९५४ मध्येच पॅलिस, जोन्स व स्पिलेन यांना मानेची तक्रार नसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींतही अशी झीज सर्रास आढळली. फ्रीडेनबर्ग व मिलर यांनी १९६३ मध्ये लक्षणे असलेल्या व नसलेल्या ९२ जोड्यांची तुलना केली. खालच्या दोन चकत्यांची झीज लक्षणे असलेल्यांत अधिक होती; इतर बदलांत मात्र फरक दिसला नाही. पुढे चुंबकीय अनुनादाने मृदू ऊतीही दिसू लागल्या, पण संदिग्धता वाढलीच. २०१५च्या एका जपानी अभ्यासात लक्षणविरहित १,२११ व्यक्तींपैकी ८७.६ टक्के व्यक्तींमध्ये चकतीचा फुगवटा आढळला.

लोकभाषेने ही प्रतिमा आपल्या परीने वाचली. ‘मणक्यात गॅप आली’ असे मराठीत सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात चित्रात बहुधा दोन मणक्यांमधील अंतर घटलेले असते. झिजेला ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणताना दाहवाचक प्रत्यय वापरला जातो. चित्राचे शब्दांत रूपांतर होताना आशय असा बदलतो, आणि वयानुरूप झालेला बदलही रुग्णाला आजार वाटू लागतो.

याचा अर्थ प्रतिमा निरर्थक आहे, असा नव्हे. हातात उतरणारी कळ ज्या मज्जातंतूच्या क्षेत्रातली, त्याच बाजूस व त्याच पातळीवर दाब दिसला, तर दोन्ही संहिता परस्परांना पुष्टी देतात. चाल अडखळणे, बोटांनी गुंडी लावता न येणे ही लक्षणे असताना मज्जारज्जूवरील दाब दिसणे तर तातडीचे ठरते. दोहोंचा मेळ तपासण्यास शरीरपरीक्षा हे भाष्य लागते.

म्हणूनच चित्र निर्दोष आहे एवढ्यावरून हमालाची वेदना खोटी ठरवता येत नाही. आणि चित्रात झीज आहे एवढ्यावरून त्याला कामास अपात्रही ठरवता येत नाही. प्रतिमेला मूळ संहिता आणि कथनाला तिचा सदोष अनुवाद मानणारी श्रेणी या इतिहासाने अमान्य केली आहे. जो ओझे वाहतो, त्याचे बोलणे हाही पुरावाच होय.