शब्दवेध : विकी

'विकी' हा शब्द मूळचा हवाई बेटांचा. तिथल्या भाषेत 'विकी' म्हणजे जलद आणि 'विकी विकी' म्हणजे फारच जलद. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या बसचे हे नाव अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांच्या लक्षात राहिले. १९९५ मध्ये त्यांनी कोणालाही जागच्या जागी बदलता येतील अशा पानांचे संकेतस्थळ काढले, त्याला 'विकीविकीवेब' म्हटले. वाचकाच्या हाती लेखणी देणारे वेब २००४ च्या सुमारास 'वेब २.०' बरोबर आले, असे सर्रास सांगितले जाते. हा कालक्रम मला मान्य नाही. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९० च्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येई तसे लिहिताही येई. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरांनी ही सोय मागे टाकली; विकीने ती वाचकाला परत मिळवून दिली.

कोणीही लिहिले तर चुका होणारच, हा आक्षेप खरा आहे. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्याविषयीचा धादांत खोटा मजकूर विकिपीडियावर काही महिने तसाच राहिला. पण तज्ज्ञांनी तपासल्यावरच लेख प्रसिद्ध करणारा न्यूपीडिया मोजक्या लेखांवर थांबला आणि २००३ मध्ये बंद पडला. त्याच्याच सोबतीला २००१ मध्ये निघालेला विकिपीडिया मात्र वाढला, कारण तिथे प्रत्येक बदलाची नोंद उघडी राहते आणि चूक वाचणाराच ती सुधारू शकतो. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे. त्यात चूक दिसली तर नुसती हळहळ नको; 'संपादन'वर टिचकी मारा, संदर्भ द्या आणि ती दुरुस्त करा.