श्रवणतंतूवरची गाठ

डाळज-भिगवणकडील एखादा गृहस्थ एका कानाने कमी ऐकू लागला, की घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. तोही फोन दुसऱ्या कानाला लावतो. बहुतेकांचे कारण साधेच असते. लाखात वर्षाला एकदोघांना मात्र निराळेच दुखणे जडते. त्याचा इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे.

श्रवणाचा आणि तोलाचा तंतू हाडाच्या एकाच अरुंद नळीतून मेंदूकडे जातात. गाठ बहुधा तोलाच्या तंतूच्या वेष्टनातून उगवते, पण मार बसतो श्रवणाला! कारण ती इतकी संथ वाढते, की तोलातली उणीव मेंदू हळूहळू भरून काढतो. कर्करोगासारखी ती पसरत नाही, म्हणून वैद्य तिला निरुपद्रवी म्हणतात. आम्हांला हे विशेषण फसवे वाटते. कवटी काही ताणत नाही.

1777 मध्ये हॉलंडच्या सांडिफोर्टने ती शवविच्छेदनात पाहिली. 1894 मध्ये लंडनच्या बॅलन्सने अशी गाठ चक्क बोट घालून सोडवली. रोगी वाचला, चेहऱ्याची एक बाजू गेली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत अॅनंडेलने एका गरोदर स्त्रीची गाठ काढली व ती बरी झाली. पण ही भाग्याची उदाहरणे. पुष्कळ काळ बहुतेक रोगी शस्त्रक्रियेतच दगावत. अमेरिकेच्या कुशिंगने 1917 च्या ग्रंथात वेगळी वाट दाखवली: वेष्टन तसेच ठेवून आतला गर तेवढा काढावा. मृत्यू पाचांत एकाच्या आसपास आले. डँडी म्हणे, उरलेली गाठ पुन्हा वाढते, सगळीच काढा. पुढे तो बरोबर ठरला; पण त्या काळच्या साधनांनी कुशिंगची माघार हेच शहाणपण होते, असे आमचे मत. 1960 नंतर हाउसने सूक्ष्मदर्शक आणला, आणि चेहऱ्याचा तंतू वाचू लागला. 1969 मध्ये स्टॉकहोमात लेक्सेलने चाकूऐवजी किरण वापरले.

आणि आपल्याकडे? वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी 1949 मध्ये व मद्रासला डॉ. राममूर्ती यांनी 1950 मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र काम आरंभिले, मुंबईत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर हे या विद्येचे अग्रणी. त्यापूर्वी इंदापूर तालुक्यातल्या रोग्याने जायचे तरी कोठे?

आज पुणे शंभरएक किलोमीटरवर आहे. तेथे श्रवणचाचणी होते, एमआरआयमध्ये काही मिलिमीटरची गाठही दिसते. म्हाताऱ्या माणसाची लहान गाठ पुष्कळदा कापीतच नाहीत. ठरावीक काळाने पुन्हा चित्र काढून नुसते लक्ष ठेवतात.