धुळीतली अक्षरे



इंदूरच्या आमच्या शब्बाथ शाळेत येणारी लहान मुले घरी मराठी बोलतात, पण त्यांची शाळा हिंदी नाहीतर इंग्रजी. मागे आम्ही त्यांना फळ्यावरून 'बाळ येशू' उतरवायला सांगितले. निम्म्या वह्यांत 'बाल येशू' आले. मुलांना काय बोलणार? हिंदीच्या वर्णमालेत ळ नाही, आणि तो कसा गिरवायचा हे आम्हीही त्यांना कधी दाखवले नव्हते. वह्या तपासता तपासता वाटले, आपल्या आधीच्या लोकांनी अक्षरे कशी शिकली ते एकदा लिहावे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. लाकडी फळीवर बारीक माती पसरायची आणि बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. चुकले तर हात फिरवून पुन्हा. कागद वाया जाण्याची धास्ती नाही. शुभवर्तमानांत आपल्या प्रभूने काही लिहिल्याचा उल्लेख योहानाच्या आठव्या अध्यायात तेवढा सापडतो, आणि तोही बोटाने, जमिनीवर. काय लिहिले ते योहान सांगत नाही. मुलांना हा भाग सांगितला की पहिला प्रश्न तोच येतो.

हात बसला की कित्ता, आणि मग मोडी. होळकरांच्या दरबाराचा मराठी कारभार मोडीतच चाले. आधी ओळभर रेघ ओढायची आणि बोरू शक्य तितका कमी उचलत तिला अक्षरे टांगत जायची, कारण कारकुनाला वेग हवा. बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, संथ. प्रत्येक अक्षर सुटे. ती पोथीची आणि शिकणाऱ्याची लिपी.

आपल्या शास्त्राने यातली कोणती लिपी घ्यावी, हे आधीपासून ठरलेले नव्हते. बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने मराठीचे काम केले. १८०५ चे त्यांचे व्याकरण देवनागरीत निघाले, पण १८१० चा कोश मोडी टाइपात. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा छापखाना मात्र बाळबोधीकडे वळला, आणि त्यांच्या टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे सुबक, लहान खिळे पाडले. या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली, आणि १८७३ मध्ये मुलांसाठी मासिक काढले त्याचे नावच 'बालबोधमेवा'. आमच्या मते ही निवड मोठी होती. मोडी राहिली असती तर वाचन दफ्तरात बसणाऱ्या घरांपुरते राहण्याचा धोका होता. बाळबोधीत छापलेले शुभवर्तमान चार महिने पाटीवर अक्षरे गिरवलेली मुलगीही हळूहळू लावू शके.

इंदुरात १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन आले. जे. एम. डग्लस, आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मॅरियन फेअरवेदर व मार्गारेट रॉजर या दोघीजणी. महाराज तुकोजीराव दुसरे यांच्या दरबाराला हे काम रुचले नाही आणि अडथळे बरेच आले. तरी शाळा निघाल्या, आणि १८८७ मध्ये विल्की यांच्या हातून ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले. मिशनचे काम पुढे मुख्यतः हिंदीत वाढले, आणि माळव्यात ते साहजिकच होते. मराठी घरांनी आपले शास्त्र आणि आपली गीते घरच्या घरी सांभाळली. शाळेने ळ शिकवला नाही तर तो आईने शिकवायचा, असा तो व्यवहार होता. आता आईच मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांत लिहिते. (आम्हीही लिहितो, खोटे कशाला बोला.)

मोडीचे काय झाले ते आपल्यासमोर आहे. आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद निघाला तर तो वाचायला जाणकार शोधावा लागतो. घरातल्या मराठी बायबलावर तीच पाळी यायला किती पिढ्या लागतील?

पुढच्या रविवारी आम्ही एक परात आणि थोडी चाळलेली रेती नेली. ळ काढून दाखवला: वरून खाली येणारी छोटी दांडी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन गोल. मुले परातीभोवती दाटीवाटीने बसली. एका मुलीचा उजवा गोल दर वेळी डाव्यापेक्षा मोठा येई. तिने रेतीवरून हात फिरवला आणि पुन्हा बोट टेकवले.