लष्करी तंबूचे वय आणि मूळ : ‘टिपूचा तंबू’ या वस्तूच्या निमित्ताने

जुना लष्करी तंबू किती वर्षांचा, हा प्रश्न वरवर एकच दिसत असला, तरी वस्तुतः त्यात तीन प्रश्न सामावलेले असतात. कापड केव्हा व कोठे तयार झाले. त्याचा तंबू केव्हा शिवला गेला. आणि ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, त्याच्या हाती तो केव्हा आला? या तिन्हींचे उत्तर एकच असेल असे गृहीत धरले, की नोंद फसवी ठरते.

ब्रिटिश अमदानीतील कॅनव्हासच्या तंबूंच्या बाबतीत हे काम त्यामानाने सुकर असते. सरकारी मालावर रुंद पात्याच्या बाणाचा शिक्का मारण्याची ब्रिटिश पद्धत होती. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणाबरोबर ‘आय’ हे इंग्रजी अक्षर आढळते. शिक्क्यात वर्ष असल्यास काळाचा पहिला आधार मिळतो. शिक्का पुसला गेला असेल, तर शिवणीकडे वळावे लागते. एलियास हाऊ याने शिवणयंत्राचे एकस्व १८४६ साली घेतले आणि त्या यंत्राचा प्रसार पुढील दशकात झाला. म्हणून तंबूची मूळ शिवण यंत्राची असेल, तर तो त्यापूर्वीचा असू शकत नाही. मात्र हातशिवण दिसली म्हणून तंबू आपोआप जुना ठरत नाही. जाड कापड हाताने शिवण्याची रीत यंत्र आल्यानंतरही चालू होती. रंगाचेही तसेच आहे. मंजिष्ठेतील रंगद्रव्य कृत्रिम रीतीने १८६९ च्या सुमारास तयार होऊ लागले, तर कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आली. नायलॉनचा दोरा आढळल्यास ते टाके १९३८ नंतरचेच. परंतु टाके दुरुस्तीचेही असू शकतात. यास्तव दुमडीच्या आत, ठिगळांखाली व दोर ओवण्याच्या छिद्रांभोवती दडलेले मूळ कापड प्रथम तपासावे.

जेथे शिक्का नाही आणि यंत्रही नाही, तेथे खरी कसोटी लागते. वेल्समधील पोविस किल्ल्यात ‘टिपूचा तंबू’ म्हणून जतन केलेली वस्तू हे याचे बोलके उदाहरण होय. हा तंबू कॅनव्हासचा नसून छिटाच्या सुती कापडाचा आहे. त्याच्या पटांवर महिरपींच्या चौकटीत फुलदाण्या व फुलझाडे चितारलेली आहेत. टिपू सुलतान ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण येथे धारातीर्थी पडला. त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह हा होता (१७९८–१८०३). त्याची पत्नी हेन्रिएटा ही पोविसच्या हर्बर्ट घराण्यातील; १८०१ साली तिच्या भावाच्या मृत्यूनंतर तेथील मालमत्ता क्लाइव्ह कुटुंबाकडे आली. श्रीरंगपट्टणची लूट वेल्समध्ये कशी पोहोचली, याचा उलगडा या नात्यावरून होतो.

परंतु हा उलगडा केवळ तिसऱ्या प्रश्नाचा आहे. नक्षी व रंगकामाच्या शैलीवरून तज्ज्ञांनी हे कापड सुमारे १७२५ ते १७५० या काळातील मोगल घडणीचे मानले असून त्याचे उगमस्थान म्हणून बऱ्हाणपूरकडे निर्देश केला आहे. टिपूचा जन्म १७५१ चा. म्हणजे ‘टिपूचा’ म्हणवला जाणारा हा तंबू टिपूहून वयाने मोठा ठरतो! ज्या बऱ्हाणपूरकडे त्याचे मूळ जाते, ते तापीकाठचे खानदेशातील शहर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र होते आणि उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली निजामाकडून मराठ्यांकडे आले होते.

कापड एका राजवटीचे आणि तंबू दुसऱ्या राजवटीचा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण तत्कालीन व्यवस्था ध्यानी घेतल्यास त्यात नवल उरत नाही. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त फर्राशखान्याचे वर्णन करताना बारगाह, शामियाना, चोबीन रावटी इत्यादी प्रकार नोंदविले आहेत, यांतील ‘रावटी’चे मराठी ‘राहुटी’शी साम्य उघड आहे. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांतही फरासखाना होता व पुण्यात ते नाव आजही टिकून आहे. तंबू ही एका मोहिमेपुरती वस्तू नव्हती. ती कोठीत जपली जाई, तिची डागडुजी होई, आणि वारसा, नजराणा, खरेदी किंवा लूट यांपैकी कोणत्याही मार्गाने ती हस्तांतरित होई.

यावरून नोंदीची शिस्त कशी असावी हे स्पष्ट होते. कापडाचा काळ व स्थळ, शिवणीचा व दुरुस्तीचा काळ, आणि स्वामित्वाची परंपरा ही तीन सदरे स्वतंत्र ठेवावीत. एका सदरातील पुरावा दुसऱ्यात भरू नये. हा केवळ कारकुनी काटेकोरपणा नव्हे. वस्तूला शेवटच्या धन्याचे नाव चिकटते, ते बहुधा युद्धामुळे. आणि ज्याने ती जिंकली, तोच ते नाव पुढे चालवितो. त्या नावाआड विणकर, रंगारी व चितारी दिसेनासे होतात. पोविस येथील तंबू टिपूच्या पराभवाची साक्ष देतो, हे खरेच. पण त्याचे सूत अधिक जुनी साक्ष देते, आणि ती दक्षिणेतील कारागिरांची आहे.