काय हवे आणि कसे करावे

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या कारखान्यात घडणाऱ्या आगगाडीच्या रुळाचा आकार, लांबी आणि पोलादाचा कस आधीच कागदावर ठरलेला असतो. रूळ कसा असावा हे तो कागद सांगतो. तो कसा घडवावा हे मात्र अभियंत्यास ठरवावे लागते. हे दुसरे काम यंत्रावरच सोपविता येईल काय, हा प्रश्न संगणकशास्त्राने गेली साठ वर्षे मनाशी धरला आहे.

१९६५ साली जे. ए. रॉबिन्सन यांनी यंत्रास पेलेल असा अनुमानाचा एकच नियम मांडला. पुढे १९७२ च्या सुमारास, एडिंबरोचे रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या विचारांच्या साहाय्याने, मार्सेय येथे अलँ कोलमरोअर आणि त्यांचे सहकारी यांनी प्रोलॉग ही भाषा घडविली. तीत सत्य काय ते नियमरूपाने लिहावयाचे आणि उत्तराचा शोध यंत्राने घ्यावयाचा.

तथापि तर्क शुद्ध असला म्हणजे काम उरकतेच असे नाही. दहा रूळ लांबीच्या क्रमाने लावावयाचे आहेत, अशी कल्पना करा. 'रूळ तेच असावेत आणि कोणताही रूळ आपल्या आधीच्याहून आखूड नसावा' ही व्याख्या निर्दोष आहे. पण एकेक मांडणी करून ती पडताळू लागलेल्या यंत्रापुढे ३६,२८,८०० मांडण्या उभ्या राहतात! उरलेल्यांतील सर्वांत आखूड रूळ दर वेळी वेगळा काढला, तर तेच काम अवघ्या ४५ तुलनांत होते. म्हणूनच कोवाल्स्की यांनी १९७९ साली तर्क आणि त्यावरील नियंत्रण ही कृतीची दोन वेगळी अंगे मानली. त्यापूर्वी १९७७ साली बर्स्टल आणि डार्लिंग्टन यांनी अर्थ न बदलता सुबोध व्याख्येचे जलद कार्यक्रमात पायरीपायरीने रूपांतर करण्याची रीत दाखविली होती.

आपल्याकडे पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये व्यवहाराच्या आराखड्यांवरून कार्यक्रम निर्माण करणारी साधने विकसित झाली.

कार्यक्रम व्याख्येशी प्रामाणिक आहे की नाही, हे यंत्र तपासू शकेल. पण ती व्याख्या आपल्या गरजेशी प्रामाणिक आहे काय? मापच चुकीचे लिहिले असेल, तर त्याबरहुकूम घडविलेला रूळही गाडी घसरवील. ते माप लिहिण्याची जबाबदारी अखेर माणसाचीच आहे.