इंजिनाचा हवामार्ग : बदल करण्यापूर्वी

एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. थंड हवा अधिक घन असते व तिच्यात प्राणवायूही अधिक असतो. त्यामुळे इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची हवा घेतल्यास मोटारीचा प्रतिसाद सुधारू शकतो. मात्र विरळ जाळीच्या फिल्टरमधून शिरलेली बारीक धूळ सिलिंडर व पिस्टन रिंग झिजवते. अवर्षणप्रवण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कच्च्या रस्त्यांवर हा धोका अधिक. फार खाली बसविलेली नळी पावसाळ्यात पाणी ओढून इंजिन निकामी करू शकते. याच शहरातील संरक्षण खात्याच्या ‘व्हीआरडीई’ संस्थेत वाहनांच्या नमुन्यांची चाचणी होते. मान्यता मिळते ती मूळ रचनेलाच. म्हणून मूळ फिल्टर वेळेवर बदलणे, हाच पहिला उपाय होय.