‘बॅक इन ब्लॅक’मधील गिटारचा टोन व त्याची पुनर्निर्मिती

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडने १९८० च्या एप्रिल-मेमध्ये बहामातील नॅसो येथे, कंपास पॉइंट स्टुडिओत ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. निर्माता मट लँग, ध्वनिमुद्रक टोनी प्लॅट. यातला गिटारचा टोन घरी मिळवू पाहणारे बहुतेक जण सर्वांत आधी अँपचा गेन (आवाजातली खरखर ठरवणारे नियंत्रण) वाढवतात आणि तिथेच फसतात. शीर्षकगीताच्या सुरुवातीला ई, डी, ए या कॉर्ड वाजतात आणि त्यांच्यामध्ये गिटार पूर्ण थांबते. ड्रम तेवढे चालू राहतात. गेन जास्त असेल, तर नेमकी ही मोकळी जागा खरखरीने भरते आणि कॉर्डमधले स्वर एकमेकांत कालवले जातात. मूळ ध्वनिमुद्रणात प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, कारण त्यातली धार मुख्यतः गेनमधून नव्हे, तर मोठ्या आवाजात चालवलेल्या मार्शल अँपच्या पॉवर व्हॉल्व्हमधून येते. शिवाय कानाला जी एकच अजस्र गिटार वाटते, त्या खरे तर बँडच्या दोन गिटारवादकांच्या दोन आहेत : अँगस यंगची गिब्सन एसजी आणि माल्कम यंगची बरीच स्वच्छ वाजणारी ग्रेच. टोनचे वजन बरेचसे माल्कमचे आहे, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

एवढे जमवूनही काहीतरी कमी पडते. तो राहून गेलेला दुवा म्हणजे केन शॅफरने बनवलेली शॅफर-वेगा ही बिनतारी यंत्रणा. अँगस ती मंचावर वापरत असे, आणि स्टुडिओतही तिचा वापर झाला. रेडिओवरून पाठवण्याआधी ती गिटारचा सिग्नल दाबून घेई, पलीकडे पुन्हा फुलवी, आणि जाताजाता त्याला जोर देई. त्यामुळे अँपला बसणारा धक्का साध्या केबलपेक्षा वेगळा असे. यावर ठरलेला आक्षेप असा की टोन हातात असतो, पेटीत नाही. तो निम्मा खरा आहे. पिक कसा आपटतो आणि तार कधी दाबून बंद होते, हे हातच ठरवतो. कमी गेनमुळे तर हाताची प्रत्येक चूकही ऐकू येते. पण हात पुरेसा असता, तर खुद्द अँगसने २०१४ च्या ‘रॉक ऑर बस्ट’साठी त्या जुन्या यंत्रणेची सोलोडॅलस या कंपनीने नव्याने घडवलेली प्रतिकृती वापरली नसती.